बोनस शून्य आला, म्हणजे मी हळू आहे का?

पत्र डॅलसजवळच्या एका उपनगरातून आलंय. लिहिणाऱ्या ताई फॅमिली प्रॅक्टिसमध्ये नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषध लिहिणाऱ्या नर्स, आहेत. ओळख पटेल ते सगळं काढून थोडक्यात देते.

नर्सिंगचं शिक्षण मिरजेला, मग अमेरिकेत येऊन आधी वॉर्डात नोकरी, मास्टर्स, आणि आता चौदा महिन्यांपासून हा दवाखाना. बेस पगार १,१८,००० डॉलर. वर्षाला ४,२०० वर्क आरव्हीयू (केलेल्या कामाचे गुण) झाले की पुढच्या प्रत्येकाला २० डॉलर बोनस, असं कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. जानेवारीत ऑफिस मॅनेजरने एका ओळीची ईमेल पाठवली: तुमचे वर्षाचे ३,३१० झाले, बोनस नाही. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला १४,००० डॉलर मिळाले. ताई लिहितात: "मी रोज चौदाएक पेशंट बघते. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पाच आठवडे भारतात होते, तरी २०० दिवस भरले असतील. माझ्याकडे म्हातारी माणसं जास्त येतात, कारण मला हिंदी आणि थोडं गुजराती येतं. वेळ लागतो. मिस्टर आयटीत आहेत, ते म्हणतात, टार्गेट झालं नाही तर बोनस नाही, सिंपल. मॅनेजर म्हणाली की पगाराबद्दल आपसात बोलू नका. आता मी व्हिजिट पंधरा मिनिटांवर आणायचं ठरवतेय, पण मन घेत नाही. पैसे मागायला गेले तर हावरट दिसेन का?"

ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी कॅल्क्युलेटर काढला. अठरा वर्षं मी एका दवाखान्याच्या बिलिंगमध्ये काढली, ती सवय जात नाही. आणि पहिल्याच गुणाकाराला थबकले.

चौदा पेशंट, २०० दिवस, म्हणजे २,८०० व्हिजिट. जुन्या पेशंटची साधीशी व्हिजिट ९९२१३ या बिलाच्या कोडवर जाते आणि तिचे वर्क आरव्हीयू १.३० आहेत. तुमची प्रत्येक व्हिजिट अगदी साधी धरली तरी ३,६४० होतात. तुमच्या नावावर मांडलेत ३,३१०. सरासरी काढली तर व्हिजिटमागे १.१८, म्हणजे साध्या व्हिजिटपेक्षाही कमी. मधुमेह, ब्लडप्रेशर आणि दहा गोळ्यांची पिशवी घेऊन येणाऱ्या माणसांवर ही सरासरी बसत नाही.

तेव्हा "मी हळू आहे" हे तुम्ही गृहीत धरलंत, पण तो आकडा खरा आहे का, हे कुणी बघितलंच नाही. तुमच्या मिस्टरांचं सिंपलही तिथेच अडतं. टार्गेट झालं की नाही हे ठरायच्या आधी मोजलं कुणी आणि कशाने, हे विचारायला हवं. आयटीतल्या माणसाला हे खरं तर पटायला पाहिजे!

आता ही मोजपट्टी काय आहे ते सांगते, कारण हे सदर वाचणाऱ्या आणखी दोघी-चौघी याच कोड्यात असणार. मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी विम्याने, १९९२ पासून डॉक्टरांची फी ठरवताना प्रत्येक कामाला गुण द्यायला सुरुवात केली. गुणांचे तीन भाग: दवाखान्याचा खर्च, मालप्रॅक्टिस विम्याचा खर्च, आणि बघणाऱ्याचं स्वतःचं काम. शेवटचा भाग म्हणजे वर्क आरव्हीयू. त्यात वेळ, कौशल्य आणि डोक्याला झालेला ताप, तिन्ही धरलेलं असतं. पेशंटने पैसे भरले की बुडवले, विमा कुठला होता, याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून, खरं सांगायचं तर, तुमचा बोनस वसुलीवर नाही हे नशीबच. वसुलीच्या टक्क्यावर बोनस असलेल्या मैत्रिणी मी पाहिल्यात. बिलिंगवाल्याने क्लेम वेळेत पाठवला नाही की हिच्या खिशाला कात्री, आणि मेडिकेडचे (गरिबांच्या सरकारी विम्याचे) पेशंट जिच्या वाट्याला जास्त, तिचं वर्ष कोरडं.

मग ते गुण गेले कुठे? मला चार जागा दिसतात.

पहिला संशय नावावर. मेडिकेअर नर्स प्रॅक्टिशनरच्या स्वतःच्या एनपीआय नंबरवर (बिलावरचा ओळख क्रमांक) बिल गेलं तर डॉक्टरच्या फीच्या ८५ टक्के देतं. १९९७ च्या कायद्याने तुम्हा लोकांना कुठल्याही गावात, कुठल्याही दवाखान्यात थेट बिल लावायची मुभा दिली, तेव्हापासूनचा हा दर. पण तीच व्हिजिट 'इन्सिडंट टू' म्हणून डॉक्टरच्या नंबरवर गेली तर १०० टक्के मिळतात. शंभराच्या बिलामागे पंधरा डॉलर जास्त म्हटल्यावर दवाखान्याला मोह होणारच. त्याला अटी आहेत: पेशंट जुना हवा, उपचार डॉक्टरने सुरू केलेला हवा, त्यात त्यांचं लक्ष चालू हवं, नवी तक्रार नको, आणि त्या वेळी डॉक्टरची देखरेख हवी. अटी पाळल्या तर गैर काहीच नाही. फक्त पेशंट तुम्ही बघितलात आणि गुण डॉक्टरांच्या खात्यात पडले. कॉन्ट्रॅक्टमध्ये "मी प्रत्यक्ष केलेलं काम" मोजायचं म्हटलंय की "माझ्या नावाने बिल झालेलं काम", या दोन वाक्यांत तुमचा बोनस अडकलेला असू शकतो.

आमच्याकडे एक नर्स प्रॅक्टिशनर होती, केरळची. रोज संध्याकाळी खिशातल्या छोट्या डायरीत काड्या मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी, शाळेत मारतात तशा. वर्षअखेरीस ती डायरी घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, माझ्या काड्या जास्त आहेत. मी हसले होते, आज त्याची लाज वाटते. आम्ही दोघींनी दोन संध्याकाळी बसून क्लेम ताडून पाहिले. तिच्या जवळजवळ पाचातली एक व्हिजिट डॉक्टरांच्या नंबरवर होती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. सिस्टिममध्ये कुणीतरी कधीतरी एक डिफॉल्ट लावून ठेवला होता.

दुसरी जागा म्हणजे याच संशयाची दुसरी बाजू. तुम्ही नोव्हेंबरात लागलात. विमा कंपन्यांकडे क्रेडेन्शियलिंग, म्हणजे तुमची कागदपत्रं तपासून नाव नोंदणं, व्हायला तीन-चार महिने सहज जातात, आणि तोवरच्या व्हिजिट काही ठिकाणी डॉक्टरांच्या नावाने जातात, काही ठिकाणी नुसत्या थांबून राहतात. म्हणजे तुमच्या वर्षाचे पहिले दोन महिने हिशेबात असतील की नाही, शंकाच आहे.

तिसरी जागा म्हणजे जुना तक्ता. २०२१ मध्ये या कोडचे गुण वाढले. ९९२१३ आधी ०.९७ होता, तो १.३० झाला. त्याच्या वरच्या ९९२१४ चा १.५० होता, तो १.९२ झाला. पगाराचं गणित बिघडेल म्हणून काही दवाखान्यांनी बोनससाठी जुनाच तक्ता चालू ठेवला. तुमच्या निम्म्या व्हिजिट ९९२१४ च्या धरल्या तर जुन्या तक्त्याने २,८०० व्हिजिटचे ३,४५८ होतात आणि नव्याने ४,५०८. जुन्याचा आकडा तुमच्या ३,३१० च्या किती जवळ आहे बघा. नव्या तक्त्याने तुम्ही ४,२०० च्या थ्रेशोल्डच्या ३०८ वर असता, म्हणजे ६,१६० डॉलर. मी हेच झालं असं म्हणत नाही. पण विचारायला हवं ते हे.

चौथी जागा सगळ्यात चिडवणारी: मेडिकेअर ८५ टक्के देतं म्हणून कुणीतरी तुमचे गुणही ०.८५ ने गुणले. ते ८५ टक्के पैशाला लागू आहेत, कामाच्या गुणांना नाहीत. कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं लिहून तुम्ही सही केली असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर हे चालवून घेऊ नका.

आता तुमच्या 'हळू'पणाकडे येते. मला तोच शब्द टोचलाय.

पत्रात तुम्ही एका बांबद्दल, म्हणजे गुजराती आजींबद्दल, लिहिलंय. साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आल्या, सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या, आणि त्यात ब्लडप्रेशरची एकच गोळी दोन नावांनी निघाली. एक इथल्या फार्मसीतली, एक मुलीने अहमदाबादहून आणलेली. बा दोन्ही घेत होत्या आणि चक्कर येते म्हणत होत्या. तुम्ही ३८ मिनिटं दिलीत. रात्री साडेनऊला मुलं झोपल्यावर घरी बसून सहा मिनिटांत नोट पूर्ण केलीत. आणि बिल लावलंत ९९२१३. का, तर "बोलण्यातच वेळ गेला".

ताई, २०२१ पासून नियम असा आहे की कोड दोन प्रकारे निवडता येतो, एक तर निर्णयाच्या गुंतागुंतीवर, नाहीतर त्या दिवशी त्या पेशंटसाठी तुम्ही स्वतः दिलेल्या एकूण वेळेवर. नोट लिहिण्याचा वेळही त्यात धरतात, घरी लिहिली तरी, फक्त तारीख तीच हवी. वीस मिनिटं झाली की ९९२१३, तीस झाली की ९९२१४, चाळीस झाली की ९९२१५, ज्याचे गुण २.८०. बांची व्हिजिट ३८ अधिक ६ म्हणजे ४४ मिनिटांची झाली. नुसती गुंतागुंत धरली तरी ती ९९२१४ होती: दोन जुनाट आजार, औषधांतला बदल. तुम्ही १.३० घेतलेत, जिथे १.९२ कुणीही मान्य केले असते आणि वेळ नीट नोंदवली असती तर २.८० मिळाले असते. नोट दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली असती तर मात्र ती सहा मिनिटं गेली असती. इथे रात्रीच्या या कामाला लोक 'पजामा टाइम' म्हणतात. नाव गमतीशीर आहे, काम नाही.

आणि गंमत बघा. वेळ मोजून कोड लावला तर तासाला वीस मिनिटांच्या तीन व्हिजिट म्हणजे ३.९०. तीस मिनिटांच्या दोन म्हणजे ३.८४. चाळीस मिनिटांचं गणित तर तासाला ४.२० वर जातं. म्हणजे पेशंटला जास्त वेळ दिल्याने गुण बुडत नाहीत. जास्त वेळ देऊन कमी लिहिल्याने बुडतात. तुम्ही ते दुसरं करताय.

तुमचा सहकारी कसा पुढे गेला असेल, तेही सांगते, म्हणजे त्याच्यावर उगाच राग नको. गुंतागुंतीवर कोड लावणारा माणूस पंधरा मिनिटांत दोन आजार आणि एक प्रिस्क्रिप्शन उरकून रास्तपणे ९९२१४ लावू शकतो. तासाला असे चार झाले की ७.६८. यात लबाडी नाही, ही पद्धतच अशी आहे. चटपट माणसाला ती जास्त देते, हे मला आवडत नाही, पण तसं आहे खरं. तुम्ही पंधरा मिनिटांवर आलात तर तुमचेही गुण वाढतील. मग बा पिशवी ओतणार नाहीत, कारण ओतायला वेळच नसेल, आणि ती दुसरी गोळी पिशवीतच राहील. तुमचं मन घेत नाही ते यासाठी. मीही पंधरा मिनिटांवर येऊ नका असंच म्हणेन, निदान आधीचे सगळे मार्ग संपेपर्यंत.

एक सावधगिरी. कमी लिहिणं थांबवा म्हणजे फुगवून लिहा असं नव्हे. जुन्या नोटचा मजकूर चिकटवून गुंतागुंत दाखवणं, न दिलेली मिनिटं टाकणं, हे फसवणुकीच्या कायद्यात जातं, आणि लायसन्स तुमचं आहे, मॅनेजरचं नाही. बघितलं तेवढं लिहा, सगळं लिहा. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी हेच तर शिकवतात.

२०२४ पासून मेडिकेअरचा जी२२११ हा जोडकोडही आहे. ज्या पेशंटचं दीर्घकाळ सगळं तुम्हीच बघता, त्याच्या व्हिजिटला तो लावता येतो, आणि ०.३३ जास्तीचे मिळतात. तुमच्याकडची म्हातारी माणसं म्हणजे त्या कोडचंच वर्णन. बिलिंगवाले तो लावतात का, विचारा.

आता विचारायचं कसं. हावरट दिसाल का, या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कारण प्रश्नच चुकलाय. बोनस बक्षीस असतं तर मागणं अवघड होतं. हा करारातला हिशेब आहे, आणि दुकानदाराकडे पावती मागणाऱ्याला कुणी हावरट म्हणत नाही. आपल्याकडे पगार हा शब्द उच्चारताना आवाज खाली जातो, त्यात नर्स म्हटलं की सेवाभाव आणून वर ठेवतात. मिरजेच्या तुमच्या शिक्षिकांनी सेवा शिकवली असेल, पण रजिस्टर बिनचूक ठेवायलाही शिकवलं असणार.

मॅनेजरला ईमेल लिहा, फोन नको. आरोप नको, इन्सिडंट टू हा शब्दही पहिल्या पत्रात नको. साधारण असं: "माझ्या वर्षाच्या ३,३१० वर्क आरव्हीयूचा तपशील हवा आहे. प्रत्येक व्हिजिटची तारीख, कोड, क्लेमवर सेवा देणारं म्हणून कुणाचं नाव गेलं, आणि कुठल्या वर्षाचा तक्ता वापरला. माझ्या शेड्यूलशी ताडून पाहायचं आहे." एवढंच. दोन आठवड्यांची मुदत द्या. तोवर सिस्टिममधून तुमच्या अपॉइंटमेंटची यादी काढून व्हिजिट मोजून ठेवा, पण पेशंटची नावं असलेले कागद घरी आणू नका, त्यावरूनच उलट तुम्हाला पकडतील.

पाच आठवड्यांच्या रजेबद्दलही विचारा. दोन आठवडे पगारी आणि तीन बिनपगारी होते, असं तुम्ही लिहिलंय. बिनपगारी तीन आठवडे पगारातून कापले असतील तर थ्रेशोल्डमधूनही कापले जावेत: ४,२०० चे ४९ आठवड्यांचे साधारण ३,९५८ होतात. करारात हे बहुधा लिहिलेलं नसेल. लिहिलेलं नसलं तरी मागता येतं, आणि पुढच्या करारात लिहून घेता येतं. बाळंतपणाची रजा घेणाऱ्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचा.

"आपसात बोलू नका" हे मॅनेजरचं सांगणं तर सोडूनच द्या. खासगी नोकरीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसात पगाराबद्दल बोलायचा हक्क १९३५ च्या कायद्यानेच दिलाय. सुपरवायझर त्यात येत नाहीत, तेव्हा तुमच्या हाताखाली माणसं असतील तर तेवढं वकिलाला विचारा. सहकाऱ्यालाही विचारा, पण किती मिळाले हे नको. त्याच्या व्हिजिट कुणाच्या नंबरवर जातात, हे विचारा.

तपशील आला आणि हिशेब बरोबर निघाला, असंही होऊ शकतं. मग कोडिंग सुधारून हे वर्ष बघा, आणि आकडा वर्षाच्या शेवटी नव्हे, तिमाहीला मागा. जानेवारीत कळून उपयोग काय? ते नसेल जमत तर वाटाघाटीत बोनसच सोडून द्यायचा विचार करा. बेस सहा हजाराने वाढवा किंवा आठवड्यातला अर्धा दिवस नोटसाठी मोकळा द्या, असं म्हणता येतं. साडेनऊचा लॅपटॉप बंद होणार असेल तर मी स्वतः अर्धा दिवस घेईन, पण माझी मुलं मोठी झालीत आणि माझ्या डोक्यावर घराचं कर्ज नाही. मिळालाच बोनस, तर सगळा हातात येईल असंही धरू नका. बोनसवर फेडरल टॅक्स सरसकट २२ टक्के आधीच कापतात, वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, तेवढं बरं.

तपशील द्यायलाच नकार दिला, किंवा डॉक्टर सुट्टीवर असतानाच्या व्हिजिटही त्यांच्या नंबरवर निघाल्या, तर गोष्ट बोनसपलीकडे जाते. तेव्हा मॅनेजरशी वाद घालू नका. आधी आरोग्यक्षेत्रातले करार बघणाऱ्या वकिलाकडे एक तास बसा. टेक्सासमध्ये प्रिस्क्रिप्शन लिहायला तुम्हाला डॉक्टरांशी करार लागतो, म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार, त्यांच्याच सहीवर तुमचं रोजचं काम. त्यामुळे दुसरी नोकरी हातात नसताना ठिणगी टाकू नका.

आणि नोकरी बदलायचं ठरलंच, तर राजीनाम्याची तारीख टाकण्याआधी बोनसच्या कलमाची शेवटची ओळ वाचा. "पैसे देण्याच्या दिवशी नोकरीत असणं आवश्यक" असं तिथे बहुतेक वेळा असतं. आमच्याकडच्या त्या काड्यावालीला तिचे पैसे मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी मिळाले, आणि तिने राजीनामा सोमवारी दिला.